गोळ्यांच्या मशीनचा गल्ला पुन्हा पुन्हा कमी भरतो: तूट कुठून होते ते शोधणे आणि थांबवणे

बरणी रिकामी होते, पण गल्ल्यात त्या हिशेबाने नाणी नसतात. कुलूप बदलले जाते, काही आठवडे बरे जातात आणि तूट परत दिसू लागते. नाणे टाकून हँडल फिरवायच्या गोळ्यांच्या मशीनची ही नेहमीची तक्रार आहे. ती परत येण्याचे कारणही बहुतेक वेळा एकच असते: नाणी किंवा गोळ्या कोणत्या वाटेने जातात हे न शोधताच उपाय केलेला असतो. अशा मशीनमध्ये माल जाण्याच्या बऱ्याच वाटा आहेत आणि कुलूप त्यातली एकच बंद करते. म्हणून नवे कुलूप विकत आणण्याआधी वजनकाटा हातात घ्या.

भागांची नावे एकदा पक्की करू. वर पारदर्शक बरणी आणि तिचे झाकण. झाकणाच्या मधोमध कुलूप, ते बरणीतून थेट बैठकीपर्यंत गेलेल्या आटेदार सळईवर बसते. बरणीच्या तळाशी खाचा असलेले मापाचे चाक आणि त्यावर टेकलेला ब्रश. पुढच्या बाजूला नाण्याची यंत्रणा आणि हँडल, त्याखाली गोळ्या पडायचे तोंड आणि त्याची झडप. सगळ्यात खाली गल्ला. साध्या मशीनमध्ये गल्ल्याला बहुधा वेगळे कुलूप नसते. वरचे कुलूप निघाले की बरणीसकट वरचा भाग उचलला जातो आणि नाणी समोर येतात. गोळ्या आणि पैसे दोन्ही त्या एका कुलपावर अवलंबून असतात.

आधी ताळा जुळवा

तीन आकडे लागतात: भरलेल्या गोळ्यांचे वजन, पुढच्या फेरीला (म्हणजे गल्ला काढायला आणि माल भरायला जाता तेव्हा) उरलेले वजन आणि हँडलच्या एका फेऱ्यात पडणारे सरासरी वजन. तिसरा आकडा स्वतः मोजावा लागतो. स्वतःची २० नाणी टाकून २० फेरे घ्या, पडलेल्या सगळ्या गोळ्या एकत्र तोला आणि २० ने भागा. हेच बरणी भरलेली, अर्धी आणि तळाला आलेली असताना असे तीनदा करा, कारण माल कमी झाला की चाकाच्या खाचा पूर्ण भरत नाहीत आणि माप घटते.

समजा ३,००० ग्रॅम भरले होते, १,०८० ग्रॅम उरले आणि एका फेऱ्याला १२ ग्रॅम पडतात. गेले १,९२० ग्रॅम, म्हणजे १६० फेरे. गल्ल्यात १३८ नाणी असतील तर २२ कमी, जवळजवळ १४ टक्के तूट. लहान गोळ्यांच्या मशीनमध्ये ५ टक्क्यांपर्यंतचा फरक मापातल्या चढउतारामुळे पडू शकतो, त्यामागे धावू नका. त्याहून जास्त आणि वसुलीच्या लागोपाठ दोन-तीन फेऱ्यांना तसाच फरक दिसला तर तो शोधायलाच हवा. गमबॉलचे, म्हणजे च्युइंगमच्या मोठ्या गोळ्यांचे, काम सोपे, कारण एका फेऱ्याला एकच पडतो आणि हिशेब नगांवर होतो. १ इंची गमबॉलची नेहमीची पेटी ८५० नगांची असते. तिथे दोन-चारच्या पुढचा फरक मोजदादीची चूक म्हणून सोडून देऊ नका.

नाणी एकेक मोजत बसण्यापेक्षा त्याच नाण्याच्या १०० नगांचे वजन एकदा नोंदवून ठेवा आणि पुढे तोलूनच संख्या काढा. मात्र वजन करण्याआधी नाणी एका थरात पसरून नजर फिरवा. वॉशर, परकी नाणी आणि वाकलेली नाणी इथेच सापडतात, आणि त्यातले प्रत्येक काहीतरी सांगत असते.

ताळ्याच्या जोडीला दोन गोष्टी करा. पहिली, दहा नाण्यांवर पुसता येईल अशा शाईचा ठिपका देऊन ती गल्ल्याच्या तळाशी ठेवा. पुढच्या वेळी ती नसतील तर गल्ला उघडला गेला किंवा मशीन उलटे करून झाडले गेले, यात शंका उरत नाही. ती जागेवर असली म्हणून मात्र कोणी उघडलेच नाही असे होत नाही, वरची ओंजळभर नाणी उचललेली असू शकतात. दुसरी, झाकण आणि बरणी यांच्या सांध्यावर आणि वरचा भाग व बैठक यांच्या सांध्यावर क्रमांक छापलेले, सोलले की खूण राहणारे सील लावा आणि क्रमांक वहीत लिहा. जागा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी झाल्यावरच चिकटवा. स्पिरिट किंवा अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव वापरू नका, त्याने बरणीच्या प्लॅस्टिकला केसासारख्या भेगा पडतात.

चोर नसताना होणारी तूट

सील शाबूत, ठिपक्यांची नाणी जागेवर आणि तरी तूट असेल, तर आधी मशीनवरच संशय घ्या. इथे घाईने माणसांवर आळ घेतला जातो आणि तो बऱ्याचदा खोटा असतो.

ब्रश पाहा. त्याचे काम चाकाच्या खाचेवर आलेल्या जादा गोळ्या रोखून धरणे हे आहे. तंतू वाकले, झिजले किंवा साखरेने एकमेकांना चिकटले की फटीतून दोन-चार गोळ्या जास्त सुटतात. बरणी काढून ब्रशमागे टॉर्च धरा. ब्रश आणि चाक यांच्यामधून उजेड आला की ब्रश बदला, वाकवून नीट करू नका, तो आठवड्यात पुन्हा तसाच होतो. मग चाकाचे माप पाहा. माप कमी-जास्त करता येणारे चाक एका जातीच्या गोळ्यांसाठी लावलेले असते. दुसऱ्या, लहान गोळ्या भरल्या तर तेच माप जास्त माल देते. गोळ्या बदलल्या की २० फेऱ्यांची चाचणी नव्याने करावीच लागते.

तिसरे कारण सगळ्यात फसवे. साखरेची भुकटी आणि ओल मिळून नाणे पडायच्या वाटेत चिकट थर बसतो. नाणे गल्ल्यात न पडता यंत्रणेतच राहते, आणि पुढचा माणूस नाणे न टाकता हँडल फिरवतो तेव्हा तेच नाणे त्याला दुसऱ्यांदा माल देते. शेजारच्या मुलांना हे आपल्याआधी कळते. उपाय फक्त धुण्याचा आहे. यंत्रणा स्क्रू काढून बाहेर घ्या, कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून ब्रशने घासा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि पूर्ण सुकवा. साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. तेल सोडले की साखर आणि धूळ यांचा लगदा होऊन थर आणखी जाड होतो. हलत्या भागांना गरज वाटलीच तर खाद्यपदार्थाजवळ चालणारे कोरडे वंगण अगदी थोडे वापरा.

शेवटी गल्ला नाणे पडायच्या वाटेखाली नीट बसला आहे का ते बघा. तो जरा सरकला तरी नाणी त्याच्या बाजूने बैठकीत घरंगळतात आणि तिथेच साचून राहतात.

यंत्रणेला फसवणे

या मशीनची यंत्रणा नाण्याचा धातू ओळखत नाही. ती व्यास आणि जाडी तपासते: योग्य मापाचे नाणे खोबणीत असेल तर आतली बोटे उचललेली राहतात, नसेल तर ती खाचेत पडून चाक अडवतात. म्हणून बोटांच्या टोकाची झीज आणि त्यांच्या स्प्रिंगांचा ताण या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. यंत्रणा मशीनवर असतानाच चार चाचण्या करा.

१. नाणे न टाकता हँडल दोन्ही बाजूंना जोर देऊन दहा वेळा फिरवा. थोडा खेळ चालेल, पण चाक एकदाही सुटता कामा नये.
२. नाणे टाकून गोळ्या पडू लागेपर्यंत फिरवा आणि तिथून मागे फिरवून पाहा. रॅचेटचा (एकाच दिशेने फिरू देणाऱ्या दातेरी चाकाचा) खटका मागे जाऊ देत असेल, तर एकाच नाण्यावर हँडल पुढे-मागे हलवून कितीही माल काढता येतो.
३. फेरा पूर्ण झाल्यावर लगेच, नाणे न टाकता पुन्हा फिरवा. नाणे आत अडकल्याचे इथे कळते.
४. नाण्यापेक्षा किंचित लहान, किंचित पातळ आणि मधे भोक असलेले वॉशर टाकून पाहा. लहान आणि पातळ अडलेच पाहिजेत.

पहिल्या दोन चाचण्यांत मशीन नापास झाले तर खटका, त्याची स्प्रिंग आणि दातेरी चाक एकत्रच बदला. नवा खटका झिजलेल्या दातांवर बसवला की तो महिन्या-दोन महिन्यांत घसरू लागतो, आणि मग नव्या भागाला दोष दिला जातो. स्प्रिंग ताणून कडक करण्याचा जुगाडही टिकत नाही.

नाण्याच्याच मापाची परकी नाणी किंवा वॉशर येत असतील तर यंत्रणेचे भाग बदलून ते थांबत नाही, कारण माप बरोबरच आहे. काही यंत्रणांत भोकात शिरणारी जादा खुंटी असते, तिने भोकाचे वॉशर अडतात. भरीव खोटी नाणी नाहीत अडत. एखाद्या ठिकाणी हे सतत होत असेल तर नाण्याऐवजी वेगळ्याच मापाचे टोकन चालवणे हा चांगला मार्ग आहे: यंत्रणा त्या मापाची घ्यायची आणि टोकन काउंटरवर विकायचे. विक्री थोडी घटते, पण गल्ल्यात पैसेच नसल्यामुळे गल्ला फोडण्याचे कारणही उरत नाही.

नाण्याला दोरा किंवा चिकटपट्टी लावून परत ओढण्याची युक्ती सरळ आत ढकलायच्या यंत्रणेवर जास्त चालते. फिरत्या यंत्रणेत दोरा पत्र्यांमध्ये गुंडाळला जातो आणि मशीन बंद पडते. खोबणीत दोऱ्याचे तुकडे किंवा पट्टीचा डिंक दिसला तर कोणी प्रयत्न करते आहे असे समजा आणि त्या मशीनची फेरी लवकर लावा.

आता गोळ्या पडायचे तोंड. वाकवलेली तार खालून वर घालून ब्रशचे तंतू बाजूला केले की लहान गोळ्या घसरत येतात. तोंडाच्या आत उभे ओरखडे आणि ब्रशचे तंतू एकाच कडेला वर वळलेले, ही त्याची खूण. वाटेच्या आत तिरपी आडपट्टी बसवा, गोळी घसरून येईल पण तार सरळ वर जाणार नाही अशी. झडपेची स्प्रिंग तिला स्वतः बंद करण्याइतकी ताजी हवी. उघडीच राहणारी झडप चोराइतकीच मुंग्यांनाही वाट देते.

फट मुद्दाम किंवा चुकून अडलेली

खोबणीत च्युइंगम, कागद, काडी किंवा डिंक घातलेला सापडतो. काही वेळा तो निव्वळ खोडसाळपणा असतो. काही वेळा बेत असा असतो की लोकांची नाणी अडकावीत आणि नंतर येऊन ती काढावीत. आणि बऱ्याचदा यातले काहीच नसते: वाकलेले नाणे अडकते, पैसे गेलेला माणूस चिडून मशीन हलवतो, लाथ मारतो, आणि सापडते ते मोडतोड झालेले मशीन. मोडतोडीचा मोठा भाग अशा बिघाडातून सुरू होतो. म्हणूनच अडकलेल्या पैशांसाठी संपर्काचा क्रमांक ठळक अक्षरांत मशीनवर लिहिणे आणि पैसे खरोखर परत करणे, हा माझ्या मते या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

अडकलेले हँडल पक्कडीने फिरवू नका, चाकाचे दाते तुटतात. यंत्रणा बाहेर काढा. च्युइंगमवर बर्फाची पिशवी धरा, कडक झाल्यावर ते लाकडी पट्टीने निघते. सुपरग्लू असेल तर अॅसिटोन लागते, आणि अॅसिटोन बरणीचे प्लॅस्टिक खाते, झडपेचेही. ते फक्त सुट्या केलेल्या धातूच्या भागावर, मशीनपासून दूर वापरा. नंतर साबणाने धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत यंत्रणा परत बसवू नका.

कुलूप आणि झाकण

पुष्कळ स्वस्त मशीनांना एकाच किल्लीने उघडणारी कुलपे येतात. तेच मॉडेल विकत घेणाऱ्या कोणाकडेही तुमची किल्ली असते. म्हणून कारखान्यातून आलेले कुलूप पहिल्याच दिवशी बदला. कुलपाच्या तोंडावर किल्लीचा क्रमांक कोरलेला असेल तर तो वहीत लिहून घ्या आणि घासून टाका, कारण त्या क्रमांकावरून किल्ली बनवून मिळते.

गोल किल्लीचे नळीदार कुलूप दिसायला भक्कम असते, पण त्याच्या पिना एकाच वर्तुळात समोर असतात. २००४ मध्ये सायकलींच्या अशा काही कुलपांबाबत हे जगजाहीर झाले: साध्या बॉलपेनची नळी दाबून फिरवली की ती उघडत. दर्जेदार कुलपांत पिनांचे स्प्रिंग वेगवेगळ्या ताणाचे असतात आणि मधल्या खांबात कडक पोलाद असते, त्यामुळे उचकटणे आणि ड्रिल करणे दोन्ही अवघड जाते. नवे घेताना सळईचे आटे, कुलपाची लांबी आणि झाकणातल्या भोकाचा व्यास कॅलिपरने मोजा. नजरेच्या अंदाजाने आणलेले कुलूप अर्ध्याच आट्यांवर बसते आणि एका झटक्याला निघते.

कुलूप न उघडताही गल्ला जातो, आणि तो प्रकार जास्त आहे. झाकणातले भोक झिजून गोल झाले की अख्खे कुलूपच पानाने फिरवता येते. भोकाला सपाट कड असलेली पोलादी चकती आतून बसवा. झाकणाखाली स्क्रू-ड्रायव्हरचे टोक शिरेल इतकी फट असेल तर सळई लांब आहे किंवा वरचा वॉशर दबला आहे. बरणी अॅक्रिलिकची असेल आणि जागा धोक्याची असेल तर पॉलिकार्बोनेटची घ्या, ती धक्क्याला कितीतरी जास्त टिकते. उन्हात पिवळी पडलेली बरणी कुठल्याही प्लॅस्टिकची असो, ती ठिसूळ झाली आहे असे धरून बदला.

ज्या गल्ल्याला स्वतंत्र झाकण नाही, त्याला नाणे आत जाईल पण उलटे केल्यावर बाहेर येणार नाही अशा नरसाळ्याच्या तोंडाचे झाकण बसवून घ्या.

अख्खे मशीन उचलले जाणे

नळीच्या स्टँडवरचे एकमुखी मशीन एक माणूस सहज उचलतो. दाराशेजारची जागा विक्रीला चांगली वाटते, पण तिथूनच ते जाते. काउंटरवरच्या माणसाला मान न वळवता दिसेल अशा जागी, तीन-चार मीटरच्या आत, तोंड त्याच्याकडे करून ठेवा. खांबामागची आणि जिन्याखालची जागा टाळा, तिथे तार घालायला निवांत वेळ मिळतो.

जागामालकाची परवानगी असेल तर बैठक फरशीला जखडा. १० मिमीचे दोन एक्सपान्शन बोल्ट पुरतात. फरशीच्या कडेपासून निदान १०० मिमी आत भोक घ्या आणि खाली वायर किंवा नळ नाही याची खात्री करा. टाइल ड्रिलचा हॅमर बंद ठेवून कापा, काँक्रीट लागल्यावरच हॅमर चालू करा, नाहीतर टाइल तडकते. वरून शेंडा तुटून जाणारे नट वापरले तर साध्या पान्याने ते सुटत नाहीत. फरशीला हात लावता येत नसेल तर ६ ते ८ मिमीची पोलादी केबल स्टँडच्या बैठकीतल्या भोकातून ओवून जवळच्या पक्क्या खांबाला बांधा. नळीभोवती नुसती गुंडाळलेली केबल वरचा भाग काढला की सरकून निघते.

कंपनावर वाजणारे अलार्म गजबजलेल्या जागी निरुपयोगी ठरतात. हँडल फिरवले तरी ते वाजतात आणि चार दिवसांत कोणी लक्ष देईनासे होते. त्या पैशांत गल्ला दुप्पट वेळा रिकामा केलेला बरा. आत नेहमीच थोडी नाणी असतात हे एकदा कळले की फोडण्याची मेहनत परवडत नाही.

किल्ल्या आणि वसुली

एकाच माणसाच्या फेरीतल्या सगळ्या मशीनांत सारखीच टक्केवारी कमी येत असेल आणि सील शाबूत असतील, तर वाट किल्लीची आहे. फेऱ्यांची माणसे आलटून-पालटून बदला आणि तूट माणसाबरोबर सरकते का ते पाहा. त्याआधी कोणावर बोट ठेवू नका. वसुली करणाऱ्याने गल्ला जागेवर मोजू नये: भरलेला डबा क्रमांकाच्या सीलसह उचलायचा, रिकामा डबा ठेवायचा, मोजणी दुसऱ्या माणसाने करायची. किल्लीवर जागेचे नाव लिहू नका, फक्त खूण घाला. आणि दुकानदाराकडे ‘सोयीसाठी’ ठेवलेली जादा किल्ली आजच परत घ्या.

सील तुटलेले दिसले तर

पैशांची तूट भरून निघते. गोळ्यांत कोणी काही मिसळले तर ते लहान मुलाच्या पोटात जाते. म्हणून झाकणाचे सील तुटलेले, सरकलेले किंवा वेगळ्या क्रमांकाचे दिसले तर गोळ्या वरून चांगल्या दिसतात म्हणून ठेवू नका आणि त्यांवर नवा माल ओतू नका. सगळा माल वजन नोंदवून टाकून द्या. बरणी, चाक, ब्रश आणि तोंडाची वाट साबणाच्या कोमट पाण्याने धुवून पूर्ण सुकवा आणि बंद पाकिटातूनच नवा माल भरा.

टोकदार वस्तू, अनोळखी भुकटी, ओल किंवा परका वास आढळला तर मात्र धुऊ नका. नाण्याच्या फटीवर आणि तोंडावर चिकटपट्टी लावून मशीन बंद करा, फोटो घ्या, आतल्या कशालाही हात न लावता पोलिसांना आणि अन्नसुरक्षा पाहणाऱ्या कार्यालयाला कळवा. त्याच पाकिटांतला माल इतर कोणत्या मशीनांत गेला हे लगेच सांगता आले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक भरणीच्या वेळी तारीख, मशीनचा क्रमांक, गोळ्यांचा बॅच क्रमांक आणि लावलेल्या सीलचे क्रमांक एकाच ओळीत लिहा. झडपेच्या आतला भाग दर फेरीला टॉर्चने पाहा, कारण तिथे हात घालायला किल्ली लागत नाही आणि झाकणाचे सीलही काही सांगत नाही.